मथळा कोणी दिला?

नाशिकमध्ये गाणारा प्रत्येक माणूस सुप्रसिद्ध असतो आणि ज्याचं गाणं सुटलंय तो ज्येष्ठ असतो, असं मंजुषा देवरे म्हणतात. म्हणतात म्हणजे वैतागून म्हणतात. 'रंगझंकार' या गाण्या-नाटका-सिनेमाच्या मासिकात त्यांना एकोणतीस वर्षं झाली, त्यातली वीस संपादकाच्या खुर्चीत. सगळं गाव त्यांना ताई म्हणतं आणि सकाळी साडेसातला फोन करून विचारतं, "ताई, माझं नाव शेवटी का छापलं?"

त्या वाढल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत. वडील पुंजाराम देवरे मूळचे सटाण्याकडचे. त्यांचे भाऊ कांद्याच्या शेतीत राहिले आणि हे वीज केंद्रात कोळसा विभागात लागले. कॉलनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा. इतर पोरी पुढे बसून गाणी ऐकायच्या, मंजुषा मात्र निवेदकाच्या चुका वहीत लिहायची. कोणत्या गाण्याला त्याने भलताच संगीतकार लावला, कोणत्या गायिकेचं आडनाव बदललं. हीच खोड पुढे तिला उपयोगी पडली. बी.ए. झाल्यावर तिने 'रंगझंकार'ला पत्र पाठवलं की तुमच्या मार्चच्या अंकात चौदा चुका आहेत, त्या अशा. संस्थापक-मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं कार्ड आलं: "चौदा नव्हे, एकोणीस आहेत. उरलेल्या पाच सापडल्या तर येऊन भेटा."

तिला सहा सापडल्या. सहावी अण्णांनाही दिसली नव्हती. त्याच दिवशी वकीलवाडीतल्या जिन्याखालच्या ऑफिसात तिला मुद्रितं तपासायला बसवलं.

पहिला अंक तिने घरी नेला तेव्हा वडिलांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं. मग विचारलं, "तुनं नाव कोठे शे?"

"चुका काढणाऱ्याचं नाव छापत नाहीत, बाबा."

"मंग लोकेसले कसं समजाव?" ते म्हणाले आणि अंक ट्रंकेत ठेवला.

अण्णा गेले तेव्हा त्यांचा मुलगा महेश नुकताच धंद्यात आला होता. मंजुषाताई नोकरीला लागल्या तेव्हा तो शाळेत होता. ऑफिसात येऊन त्यांच्या टेबलावरचा डिंक सांडायचा. तोच आता मालक झाला आणि ताई संपादक झाल्या. नाव छापून आलं. त्याबरोबर बाकीचंही आलं.

म्हणजे काय काय आलं? भजनाचा अल्बम काढलेले बिल्डर आले. 'माझी मुलगी सारेगमपर्यंत गेली होती, तिचं मुखपृष्ठ करा' म्हणणारे बाप आले. एका गायकाने स्वतःच्या मैफलीचं परीक्षण मैफलीच्या आदल्या दिवशी लिहून पाठवलं. त्यात 'रसिकांनी उभं राहून दाद दिली' असं होतं. ताईंनी फोन करून विचारलं, "पाऊस पडला तर?" तो म्हणाला, "हॉल बंद आहे ना ताई, पावसाचा काय संबंध?" मासिक आधी दर महिन्याला निघायचं, मग दोन महिन्यांनी निघू लागलं. कॅसेटची दुकानं मोबाइल कव्हरची झाली. मुलाखत द्यायला आता नट येत नाहीत, त्यांचा मॅनेजर प्रश्न आणि उत्तरं दोन्ही एकत्र पाठवतो. त्यात शुद्धलेखन तेवढं ताईंचं.

अशा सगळ्यात दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी गोटीराम भोये यांना ऐकलं.

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर आदिवासी कलांचा कार्यक्रम होता. एक सडसडीत, पन्नाशीचा माणूस स्टेजवर आला. त्याच्या हातात भोपळ्याची, खाली मोठं वाकडं तोंड असलेली पावरी. त्याने तोंडाला लावली आणि अकरा मिनिटं श्वास तुटू दिला नाही. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि सूर मात्र अखंड. त्या अकरा मिनिटांत निवेदक माइकवर बोलतच होता. 'आपण ऐकत आहात', 'मान्यवरांचं आगमन होत आहे', 'पांढरी गाडी बाजूला घ्यावी'. मंजुषाताई उठून स्टेजजवळ गेल्या आणि निवेदकाला म्हणाल्या, "जरा गप्प बसता का?" तो म्हणाला, "मॅडम, मग लोकांना कळणार कसं काय चाललंय ते?"

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी गोटीरामांना गाठलं. मुलाखत हवी म्हणाल्या. गोटीराम म्हणाले, "हरसूलच्या पुढं आमचा पाडा हाय. या की." नंबर दिला तो पाड्यावरच्या किराणा दुकानदाराचा. चंदर त्याचं नाव. त्याच्या छपरावर चढलं तरच रेंज मिळते.

पहिल्या खेपेला ताई एसटीने हरसूलला उतरल्या, तिथून जीपने पाड्यावर गेल्या. चंदर म्हणाला, "गोटीराम ना? तो टोमॅटो तोडाया गेलाय. गिरणाऱ्याला."

गिरणारे त्यांच्या एसटीच्या रस्त्यावर होतं. सकाळी नाक्यावर मजुरांचा घोळका दिसला होता, त्यातून एसटी हॉर्न देत निघाली होती. त्या घोळक्यात गोटीराम होते.

"मी काल फोन केला होता ना तुम्हाला!"

"केलता. पन त्याला सांगाया तो इथं पायजे ना?"

दुसऱ्या खेपेला गोटीराम घरी होते, पण पाड्यात मयत झालं होतं. दहावा होईपर्यंत कोणी वाद्याला हात लावणार नव्हतं. त्यांच्या बायकोने, भागीबाईंनी, काळा चहा दिला. ताई चहा प्याल्या आणि परत आल्या. येताना जीप बंद पडली.

तिसऱ्या खेपेला मात्र सगळं जमलं. गोटीरामांनी अंगणात बसून वाजवलं, बापाकडून कसं शिकलो ते सांगितलं, भोपळा कसा निवडतात, मेण कुठे लावतात ते दाखवलं. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरीवाल्याला किती मान असतो, आठ-आठ दिवस गावोगाव कसं फिरावं लागतं, ते सांगितलं. ताईंनी वही मिटली तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक करा. पावरी संपत चालली असं तेवढं नका लिहू."

"का?"

"दरसाली कुनी ना कुनी येतं, फोटो काढतं, आन संपत चालली म्हनून लिहितं. माझ्या बापाच्या टायमाला पन तेच लिहिलं व्हतं. आमी तर वाजवतोय. मंग आमी कोन?"

"नाही लिहिणार," ताई म्हणाल्या. "शब्द देते."

त्यांनी तसाच लेख लिहिला. 'लोप', 'ऱ्हास', 'अखेर' यातलं काही नाही. एक माणूस काय वाजवतो, कसं वाजवतो, कोणासाठी वाजवतो, एवढंच. गेल्या दहा वर्षांत इतकं सरळ काही आपण लिहिलं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर मालिकेतली नटी होती, ती महेशने आधीच ठरवलेली. त्यावर ताई भांडल्या नाहीत. आत आठ पानं गोटीरामांची होती, एवढं पुरे होतं.

अंक छपाईला जायच्या दिवशी नाशिकरोडला वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. शेवटची मुद्रितं सही करून, पानं लावणाऱ्या सुनीलला बजावून ताई रजेवर गेल्या. "एक कानासुद्धा हलवायचा नाही, सुनील."

"नाही ताई."

चौथ्या दिवशी त्या ऑफिसात आल्या. टेबलावर नव्या शाईचा वास येणारा गठ्ठा होता. त्यांनी अंक उघडला. गोटीरामांचा फोटो पानभर होता. मान मागे, डोळे मिटलेले, चेहरा शांत. त्यावर जाड काळ्या अक्षरात: 'पावरीचा अखेरचा श्वास'. आणि लेखाच्या शेवटी, त्यांनी न लिहिलेल्या दोन ओळी: 'काळाच्या ओघात लोप पावत चाललेल्या या कलेला वाचवणं ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे.'

"सुनील!"

"ताई, शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा मोकळी राहत होती. पांढरं दिसत होतं."

"आणि मथळा कोणी दिला?"

सुनीलने काचेच्या केबिनकडे पाहिलं.

महेश फोनवर होता. त्याने हाताने 'बसा' म्हटलं. ताई बसल्या नाहीत.

"तुमचा मथळा काय होता ताई? 'गोटीराम भोये आणि त्यांची पावरी'. म्हणजे शाळेतल्या धड्याचं नाव. लोक पान उलटतात. करुण काहीतरी पाहिजे."

"तो माणूस ठणठणीत आहे, महेश. तीन वेळा गेले मी तिथे."

"श्वास पावरीचा म्हटलंय, माणसाचा कुठे?"

"खाली फोटो कोणाचा आहे?"

"त्यांचाच. मस्त आलाय."

"डोळे मिटलेले आहेत."

महेशने अंक जवळ ओढून पाहिलं. "अरे हो," तो म्हणाला. "पण मस्त आलाय."

महिन्याने चंदरचा फोन आला. वारा लागत होता, म्हणजे छपरावरून बोलत होता. "बाई, गोटीराम इचारतोय, त्याला काय झालंय?"

"म्हणजे?"

झालं होतं असं की पेठकडच्या एका गावाने डोंगऱ्यादेवासाठी गोटीरामांना सांगून ठेवलं होतं. त्या गावच्या शिक्षकाने अंक शाळेत आणला. फोटो आणि मथळा पाहून गावकऱ्यांनी समजायचं ते समजून घेतलं. मेला नसेल तर अंथरुणाला तरी खिळला असेल. त्यांनी दुसरा पावरीवाला ठरवून टाकला. इकडे नाशिकहून एका मंडळाचे लोक शाल आणि धान्याची पिशवी घेऊन पाड्यावर आले आणि गोटीरामांना भात झोडताना पाहून जरा नाराजच झाले.

ताई बाजाराच्या दिवशी हरसूलला गेल्या. मनातल्या मनात वाक्यं जुळवत गेल्या. मथळा माझा नव्हता, मी रजेवर होते, वडिलांचा डोळा होता. बाजारात भागीबाई नागली आणि खुरासणीची पोती मांडून बसल्या होत्या. गोटीराम बाजूला उकिडवे बसले होते.

"आल्या पुस्तकवाल्या बाई," भागीबाई म्हणाल्या. "माझा मानूस मेला म्हनून छापलं तुमी."

"मेला असं नाही छापलं हो. मथळा तसा पडला."

"तुमी शब्द दिलाता ना?"

"दिला होता. पण मथळा मी नव्हता दिला. मालकांनी दिला."

"मालक कोन?"

"महेश. त्यांचं मासिक आहे."

"मंग तुमी कोन?"

"मी संपादक."

"म्हंजी तुमी काय करता?"

रोज पन्नास जणांना ताई हेच सांगत होत्या: अंकात काय जातं आणि काय नाही ते मी ठरवते. इथे, नागलीच्या पोत्यासमोर, ते वाक्य बाहेर आलं नाही. एक गिऱ्हाईक आलं. भागीबाईंनी पायलीने नागली मोजून दिली.

"जाऊ दे," गोटीराम बायकोला म्हणाले. ते रागावलेले नव्हते, कंटाळलेले दिसत होते. ताईंना ते जास्त लागलं. "बाई, माफी नका छापू. माफी कोन वाचतं? नावं छापा."

"कोणाची?"

"जे वाजवतात त्यांची. घ्या लिहून." आणि त्यांनी बोटं मोडायला सुरुवात केली. एक माणूस, एक गाव. दहाव्या नावाला दोघं जण येऊन उभे राहिले. पंधराव्याला भांडण लागलं.

"तो काय वाजवतो? तो नुसती धरतो!"

"त्याचा बाप वाजवायचा."

"बाप वाजवायचा, मंग बापाचं नाव लिव्हा!"

"बाप मेलाय ना."

"मंग नका लिव्हू. मेल्याचं नाव लय छापलं यांनी."

सगळे हसले. ताईही हसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्यावरच हसताहेत. दोन तासांत वहीत सदतीस नावं झाली. त्यातला सगळ्यात धाकटा एकोणीस वर्षांचा होता. तो तिथेच मोबाइलचं रिचार्ज मारत उभा होता.

दुसऱ्या दिवशी महेश म्हणाला, "टेलिफोन डिरेक्टरी काढायची का आपण?"

"एक पान. वर मथळा 'पावरी वाजवणारे'. खाली नावं आणि गावं. शेवटी एक ओळ, की मागच्या अंकातला मथळा चुकीचा होता."

"अंकात चूक झाली असं अंकातच लिहायचं? अण्णांनी कधी लिहिलं नाही."

"अण्णांनी अशी चूक कधी केली नाही."

महेशचा चेहरा पडला. "नाही जमणार, ताई," तो म्हणाला.

"मग माझंही नाही जमणार." ताईंनी डबा पिशवीत टाकला आणि भर दुपारी, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, काम अर्धं टाकून त्या घरी गेल्या. राजीनामा लिहिला नाही. लिहिला असता तर त्यातही काही चुका दुरुस्त करत बसल्या असत्या.

तीन दिवस कोणाचा फोन नाही. चौथ्या दिवशी सुनीलचा आला, दबक्या आवाजात. "ताई, महेशदादांनी एका गायिकेच्या नवऱ्याच्या फोटोखाली 'वडिलांसमवेत' असं टाकलंय. सांगितलं तर ऐकत नाहीत. छापू का?"

"छाप."

"ताई, असं काय करता? ती बाई घरी येईल."

"मालक आहेत ना घरी घ्यायला. छाप."

त्याच संध्याकाळी महेश नाशिकरोडला ताईंच्या घरी आला. काळा चष्मा लावलेल्या पुंजारामांनी दार उघडलं. "कोण शे?"

"मी महेश. 'रंगझंकार'चा."

"ये, बस. ती रागमा शे," म्हाताऱ्याने मोठ्याने सांगितलं, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

महेश बराच वेळ पाणी पीत बसला. ताई बाहेर आल्या तेव्हा म्हणाला, "अर्धं पान देतो."

"पूर्ण."

"खाली जाहिरातीची पट्टी राहील. साउंड सिस्टीमवाल्याची. ती आधीच घेतलीय."

"पट्टी राहू दे. चूक कबूल केल्याची ओळ जाणार. आणि इथून पुढे माझ्या सहीशिवाय मथळा बदलायचा नाही. तूही नाही."

"ताई, मालक मी आहे."

"हो. मग त्या बाजारात तू जा, मथळा कोणी दिला ते सांगायला. भागीबाई विचारतील ते विचारतील."

महेशने मान डोलावली, खुशीने नव्हे. जाताना दारात थांबून म्हणाला, "नवरा-वडील ते तुम्ही दुरुस्त करा हो. सुनील दोनदा सांगून गेला."

अंक निघाला. पान पूर्ण होतं, मथळा बरोबर होता, दुरुस्तीची ओळ होती. ताईंनी नावं मोजली. तेहतीस.

"सुनील, चार कुठे गेली?"

"पट्टी जरा उंच निघाली ताई. बसत नव्हती. मी शेवटची काढली."

खाली चहाच्या टपरीवर जाऊन ताईंनी दोन कप चहा घेतला, वर आल्या आणि सुनीलला समोर बसवून चारही नावं त्याच्याच हाताने पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर टाईप करून घेतली.

तोवर फोन सुरू झाले होते. सुरगाण्याकडून, पेठकडून, त्र्यंबकच्या बाजूने. माझं नाव राहिलं. माझं गाव चुकलं, तो पाडा वेगळा, हा वेगळा. माझ्या भावाचं आहे आणि माझं नाही, आणि तो तर माझ्याकडून शिकला. चार नावांबरोबर पुढच्या अंकात आणखी चौदा छापली. आता दर अंकात सगळ्या नावांचा एक चौकोन असतो. महेश त्याला 'तुमची डिरेक्टरी' म्हणतो, आणि तो चौकोन कधी चुकून राहिला तर सगळ्यात आधी विचारतोही तोच.

गोटीरामांचं ते वर्ष मात्र गेलंच. पेठकडचं गाव त्या मार्गशीर्षात दुसऱ्याच पावरीवाल्याबरोबर फिरलं. नावं छापल्याने ते वर्ष परत आलं नाही. ताईंनी त्यांना तसं म्हणून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "आवंदा घरचं भात येळेवर झालं." बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते ताईंना कळलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच गावातून एका माणसाचा ताईंना फोन आला. सकाळचे साडेसात वाजले होते. आवाज तावातावाचा. "तुमीच ना त्या पुस्तकवाल्या? आमी गोटीरामला बोलवाया गेलो, तो म्हनतो दुसऱ्या गावाला शब्द दिला. तुमच्यामुळं झालं हे. आता आमी काय करायचं?"

"अंकात एकावन्न नावं आहेत. दुसऱ्या कोणाला बोलवा."

"कोनाला? तुमीच सांगा जवळचा."

ताईंनी अंक काढला, चष्मा लावला, त्याच्या गावाजवळचं गाव शोधलं आणि नाव वाचून दाखवलं.

"तो?" पलीकडचा माणूस म्हणाला. "तो नको. तो मधेच दम सोडतो."

"मग त्याच्या खालचा."

"तो आमच्या मेव्हन्याचा दुश्मन."

"मग तुम्हीच वाजवा!" ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दहा मिनिटांनी त्यांनीच तो नंबर परत लावला. तिसरं नाव त्या माणसाला चाललं.